मिलिसेकंदांच्या क्वेरी, पावणेसहा तासांचं ट्रान्झॅक्शन

सकाळी ९:४० ला पहिली तक्रार आली. पासवर्ड बदलण्यासाठी मागवलेला कोड हातात पडेपर्यंत त्याची दहा मिनिटांची मुदत उलटून गेलेली असते, असं ग्राहकसेवेतल्या सहकाऱ्यानं कळवलं. दहा वाजेपर्यंत अशा तक्रारींची रीघ लागली. लोक पुन्हा पुन्हा कोड मागवत होते, त्यामुळे रांग आणखी वाढत होती, आणि वाढलेल्या रांगेमुळे पुढचा कोड आणखी उशिरा निघत होता.

त्या दिवशी नेमकं काय झालं, आम्ही कुठं कुठं चुकीचं खोदत बसलो आणि शेवटी काय बदललं, हे सगळं क्रमानं लिहितो आहे. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १५ होता, पण दुखणं बऱ्याच रिलेशनल डेटाबेसना होणारं आहे. इतर सर्व्हरवर ते कोणत्या रूपात दिसतं तेही पुढं येईल.

रचना साधी होती. बाहेर पाठवायचा प्रत्येक संदेश 'संदेश_रांग' या टेबलमध्ये एक रो म्हणून पडतो. २४ वर्कर प्रोसेस या टेबलवर टपून असतात. प्रत्येक वर्कर सगळ्यात जुने पाच प्रलंबित संदेश 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून उचलतो, म्हणजे दुसऱ्यानं धरलेला रो दिसला की त्याच्यासाठी थांबत नाही, पुढचा घेतो. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे आणि अशा रांगांसाठी ती उत्तम चालते. उचललेल्या संदेशांची स्थिती 'प्रलंबित'वरून 'चालू' करायची, कमिट करायचं (म्हणजे बदल पक्का करायचा), मग संदेश पाठवायचा. पाठवणं सुरू असताना वर्कर 'मी अजून जिवंत आहे' अशी वेळ त्या रोमध्ये टाकत राहतो. शेवटी स्थिती 'पाठवला' होते आणि थोड्या वेळानं एक सफाईचं काम तो रो इतिहासाच्या टेबलमध्ये हलवून इथून डिलीट करतं. एका संदेशाच्या आयुष्यात एक इन्सर्ट, सरासरी चार अपडेट आणि एक डिलीट. कोणत्याही क्षणी टेबलमध्ये जिवंत रो दोन-तीन हजारांच्या वर नसतात.

आता पोस्टग्रेसचा स्वभाव. अपडेट केल्यावर तो जुन्या रोवर लिहीत नाही. रोची नवी आवृत्ती तयार करतो आणि जुनी तिथंच ठेवतो, कारण आधीपासून सुरू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (म्हणजे एकत्रच कमिट होणाऱ्या क्वेरींच्या गठ्ठ्याला) जुनीच आवृत्ती दिसायला हवी असते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला, ते याच जोरावर. या पद्धतीला एमव्हीसीसी म्हणतात आणि १९९९ साली आलेल्या ६.५ या आवृत्तीपासून ती पोस्टग्रेसमध्ये आहे. मोबदला एवढाच की कुणालाच नको असलेल्या जुन्या आवृत्त्या, म्हणजे डेड रो, व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या झाडूला, नंतर उचलाव्या लागतात. आमच्या रांगेत एका संदेशामागं पाच डेड रो पडत होते. सरासरी ४० संदेश सेकंदाला, म्हणजे दर सेकंदाला २०० डेड रो. व्हॅक्यूम वेळच्या वेळी चालत असेल तर हा आकडा किरकोळ आहे.

पहिल्या तासात आम्ही काय काय केलं

सर्व्हरला ८ कोअर आहेत. ते सगळे ९५ टक्क्यांच्या वर. डिस्क जवळजवळ स्वस्थ. बफर कॅशचं हिट प्रमाण (डिस्कवर न जाता मेमरीतच सापडलेल्या पेजेसचं) ९९.९ टक्के, म्हणजे ज्या आकड्याकडं बघून आपण एरवी समाधानानं मान डोलावतो तो आकडा त्या सकाळी नेहमीपेक्षाही चांगला होता. पीजी_लॉक्समध्ये कुणीही लॉकसाठी ताटकळलेलं नव्हतं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू कनेक्शनच्या यादीत वर्करांची कनेक्शन 'ॲक्टिव्ह' होती आणि त्यांच्या वेट इव्हेंटचा रकाना रिकामा, म्हणजे ती कशाची वाट बघत नव्हती, सरळ सीपीयू खात होती. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये एकूण वेळेनुसार यादी लावली तर रांगेतून संदेश उचलणारी क्वेरी पहिल्या नंबरवर, आणि दुसऱ्या नंबरची तिच्या जवळपासही नाही. एरवी अर्ध्या मिलिसेकंदात होणारी ही क्वेरी आता सहाशे मिलिसेकंद घेत होती.

रांग तुंबली म्हणून सगळ्यात आधी वर्कर २४ चे ४८ केले. ही चूक होती. आठ कोअर आधीच भरलेले असताना तीच महागडी क्वेरी दुप्पट जण चालवू लागले, आणि लॉगिनसारख्या साध्या क्वेरीसुद्धा रखडू लागल्या. दहा मिनिटांत ते मागं घेतलं.

मग एका सहकाऱ्यानं अर्धवट सोडलेली ट्रान्झॅक्शन शोधली. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' स्थितीत दोन सेशन होती, दोन्ही ॲप्लिकेशनची, जुनी म्हणजे पन्नासेक सेकंदांची. दोन्ही तोडली. काहीही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, याचं कारण पुढं येईल.

तिसऱ्या सहकाऱ्यानं व्हॅक्यूमकडं पाहिलं. पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये या टेबलसमोर शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमची, वेळ चाळीस सेकंदांपूर्वीची होती. व्हॅक्यूम दर मिनिटाला चालतोय म्हणजे तिकडं सगळं ठीक आहे, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. त्याच ओळीत डेड रोंच्या संख्येचा रकाना असतो. तो स्क्रीनवर उजवीकडं होता, आणि सरकवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मग मी रांगेतून संदेश उचलणाऱ्या त्या क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो त्याचा आराखडा, काढला, एक्सप्लेनला ॲनलाइज आणि बफर्स हे दोन्ही पर्याय देऊन. बफर्सशिवाय प्लॅन बघण्यात अर्थ नसतो हे माझं जुनं मत आहे, आणि इथं तर सगळं उत्तर त्या एका ओळीत होतं. इंडेक्स योग्य तोच वापरला होता: स्थिती आणि तयार झाल्याची वेळ. परत आलेले रो ५. त्यासाठी स्पर्श केलेले बफर १,०२,०००. एक बफर ८ केबीचा, म्हणजे पाच रो मिळवायला जवळपास ८०० एमबी मेमरी चाळली. सगळं मेमरीत असल्यामुळं डिस्कला खबरच नाही, कॅशचं प्रमाण झकास, आणि सीपीयू मात्र जळतोय.

हे बघून तेव्हाच व्हॅक्यूमकडं वळायला हवं होतं. मी इंडेक्सवर संशय घेतला. इंडेक्स फुगला असेल, फक्त प्रलंबित संदेशांपुरता एक नवा पार्शल इंडेक्स केला की सुटेल, असं मनात धरून १०:०५ ला 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' (टेबलवरचं लिहिणं न थांबवता इंडेक्स बांधणारी आज्ञा) सोडलं. एवढ्या टेबलवर ते काही सेकंदांत व्हायला हवं होतं. दहा मिनिटं झाली तरी संपेना.

अडकलेल्या इंडेक्सनं दाखवलेली वाट

१०:१८ ला आमच्यातल्या एकीनं टेबलवर हातानं व्हॅक्यूम चालवून बघितला. तोही जागच्या जागी थांबला. पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला विचारलं तर त्यानं माझ्या इंडेक्सच्या कामाकडं बोट दाखवलं. बरोबरच होतं. व्हॅक्यूम आणि कन्करंट इंडेक्स दोघंही टेबलवर एकाच प्रकारचा लॉक घेतात आणि तो लॉक स्वतःशीच जुळत नाही. म्हणजे गेली तेरा मिनिटं माझ्यामुळं ऑटोव्हॅक्यूमलाही या टेबलवर पाय ठेवता येत नव्हता.

मग इंडेक्सला कुणी अडवलंय? आवृत्ती १२ पासून पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स नावाचं एक व्ह्यू आहे. त्यात इंडेक्स बांधणीचा टप्पा दिसतो, आणि बांधणी कुणासाठी थांबली असेल तर त्या सेशनचा पिड, म्हणजे प्रोसेस क्रमांकही. टप्पा होता 'वेटिंग फॉर ओल्ड स्नॅपशॉट्स'. शेजारी एक पिड.

कन्करंट इंडेक्स बांधून झाल्यावर पोस्टग्रेस त्याआधीचा स्नॅपशॉट (डेटा एका क्षणी कसा होता त्याचं चित्र) धरून बसलेली सगळी ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट बघतो. ज्याला जुनं जग दिसतंय त्याला या नव्या इंडेक्समधून अपुरं उत्तर मिळू नये म्हणून. म्हणजे कुणीतरी एक जुना स्नॅपशॉट कवटाळून बसलं होतं. आमच्या रांगेच्या टेबलशी त्याचा काहीही संबंध नसला तरी चालतं, स्नॅपशॉट जुना असणं पुरेसं आहे.

त्या पिडची पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधली ओळ मी अजून जपून ठेवली आहे. स्थिती: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. शेवटची क्वेरी: कर्सरमधून (मोठं उत्तर तुकड्यातुकड्यानं घेण्याची सोय) पुढचे ५०० रो फेच कर. क्वेरी_स्टार्ट: तीन सेकंदांपूर्वी. स्टेट_चेंज: तीन सेकंदांपूर्वी. पुन्हा बघितलं तेव्हा दोन्ही वेळा बदलून एक सेकंदापूर्वीच्या झाल्या होत्या. आणि एक्सॅक्ट_स्टार्ट, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ: पहाटे ५:००:०४. बॅकएंड_एक्समिन (सेशन किती जुना स्नॅपशॉट धरून आहे ते दाखवणारा क्रमांक) भरलेला, आणि त्याचं वय सुमारे ३४ लाख ट्रान्झॅक्शन.

ती ओळ बघितल्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही. मी इंडेक्सचं काम रद्द केलं, त्यानं मागं सोडलेला 'इनव्हॅलिड' इंडेक्स काढून टाकला (तो क्वेरीला वापरता येत नाही, पण प्रत्येक इन्सर्ट-अपडेटला त्यात लिहावं लागू शकतं, म्हणून विसरता कामा नये), आणि व्हॅक्यूम व्हर्बोज चालवला. उत्तर आलं: काढलेले रो ०, आणि सुमारे ३८ लाख रो 'डेड बट नॉट येट रिमूव्हेबल'. मेलेले, पण अजून उचलता न येणारे. पहाटे पाचपासून १०:२० पर्यंत १९,२०० सेकंद, सेकंदाला २०० डेड रो, हिशेब बरोबर जुळला.

व्हॅक्यूम खरोखरच दर मिनिटाला येत होता. पण डेटाबेसमधल्या सगळ्यात जुन्या स्नॅपशॉटला जे दिसू शकतं ते तो काढू शकत नाही. दर फेरीला सगळं टेबल चाळून तो रिकाम्या हातानं परतत होता. चाळण्याचा खर्च मात्र होतच होता.

क्वेरी हळू होण्याचं कारणही आता लख्ख होतं. प्रत्येक संदेश जन्माला येताना 'प्रलंबित' असतो, त्यामुळे इंडेक्सच्या 'प्रलंबित' भागात त्याची एक नोंद पडते. संदेश पुढं गेला तरी ती नोंद व्हॅक्यूम येईपर्यंत राहते. वर्करला सगळ्यात जुने पाच हवेत, म्हणून तो जुन्या टोकाकडून सुरू करतो, आणि जुन्या टोकाला साडेसात लाखांहून जास्त मेलेल्या नोंदी एकामागोमाग एक उभ्या. प्रत्येकीसाठी टेबलमध्ये जाऊन 'ही जिवंत आहे का' ते बघायचं, नाही म्हणून पुढं जायचं. एरवी इंडेक्स स्कॅन अशा नोंदींवर 'मेलेली' अशी खूण करून ठेवतो म्हणजे पुढच्याला तिथं थांबावं लागत नाही. पण ती खूणसुद्धा तेव्हाच करता येते जेव्हा रो सगळ्यांच्याच दृष्टीनं मेलेला असतो. पहाटे पाचचा स्नॅपशॉट जिवंत असेपर्यंत ही पळवाटही बंद.

पहाटेपासून डेड रो साठत होते तरी साडेनऊपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण तोवर आवक कमी होती आणि आठ कोअर तो भार कसाबसा पेलत होते. साडेनऊनंतर आवक वाढते, आणि तिथं तोल गेला.

ती दोन सेशन तोडून काही झालं नाही याचंही उत्तर इथंच आहे. 'रीड कमिटेड' पातळीवर (पोस्टग्रेसची मूळ पातळी, जिथं प्रत्येक क्वेरी नवा स्नॅपशॉट घेते) फक्त सिलेक्ट करून रिकामं बसलेलं ट्रान्झॅक्शन दोन क्वेरींच्या मधे स्नॅपशॉट धरत नाही. ते वाईट आहे, कनेक्शन अडवतं, पण व्हॅक्यूमला अडवत नाही. व्हॅक्यूमला अडवतं ते काहीतरी लिहून कमिट न केलेलं ट्रान्झॅक्शन, 'रिपीटेबल रीड' किंवा त्यावरच्या पातळीवर एकदा तरी क्वेरी केलेलं ट्रान्झॅक्शन, किंवा उघडा कर्सर असलेलं कोणतंही. म्हणूनच स्थितीचा रकाना पुरत नाही, बॅकएंड_एक्समिन आणि बॅकएंड_एक्सआयडी (लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक) बघावेच लागतात.

फोन, आणि १०:४१

सेशन महिनाअखेरच्या ताळमेळाच्या निर्यातीचं होतं. ते काम दुसऱ्या गटाचं. तोडण्याचा अधिकार आमच्याकडं होता, तरी मी आधी फोन केला.

"तुमची निर्यात आत्ता तोडली तर काय होईल?"

"पहिल्यापासून चालवावी लागेल. वीस लाख रो गेलेत, अजून दहा राहिलेत."

"दुपारी पुन्हा सुरू केली तर चालेल का?"

"संध्याकाळी सहाच्या आत पोहोचली म्हणजे झालं. पण आज इतकी हळू का चाललीय तेच कळत नाहीये."

त्यांचा प्रश्न रास्त होता. कोड दोन वर्षं तोच. एक ट्रान्झॅक्शन उघडायचं, कर्सर लावायचा, ५०० रो फेच करायचे, ते बाहेरच्या एका सेवेला पाठवायचे, पोच आली की पुढचे ५००. एकूण सहा हजार खेपा. पोच पाव सेकंदात यायची तोवर सगळं अर्ध्या तासात उरकायचं, आणि पहाटेच्या त्या अर्ध्या तासात साठलेले डेड रो कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हते. त्या दिवशी बाहेरची सेवा प्रत्येक खेपेला चार-पाच सेकंद घेऊ लागली होती. आमच्याकडं एक अक्षरही बदललं नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरचा उशीर नेटवर्कवरून आमच्या ट्रान्झॅक्शनमध्ये शिरला, तिथून स्नॅपशॉटमध्ये, तिथून व्हॅक्यूममध्ये आणि शेवटी पासवर्ड विसरलेल्या माणसाच्या फोनपर्यंत पोहोचला.

त्यांचा होकार आला आणि १०:४१ ला पीजी_टर्मिनेट_बॅकएंडनं सेशन तोडलं. इथं पीजी_कॅन्सल_बॅकएंड कामाचं नाही. ते चालू क्वेरी रद्द करतं, आणि हे सेशन बहुतेक वेळ क्वेरी न चालवता नुसतं बसलेलं होतं.

लगेच हातानं व्हॅक्यूम. ऑटोव्हॅक्यूम थोड्या वेळानं आलाच असता, पण तो स्वतःला आवर घालत चालतो. हातानं चालवलेल्या व्हॅक्यूमला मुळात तसा आवर नसतो. २२ सेकंदांत ४० लाखांच्या वर डेड रो निघाले. उचलण्याची क्वेरी सहाशे मिलिसेकंदांवरून पुन्हा एका मिलिसेकंदाच्या आत आली. कोअरचा आलेख कड्यावरून खाली उतरावा तसा उतरला.

रांगेत तेव्हा लाखाच्या वर संदेश होते. ते सरसकट सोडून दिले असते तर लोकांच्या फोनवर मुदत संपलेल्या कोडचा पाऊस पडला असता, आणि नवा कोड कोणता हेच त्यांना कळलं नसतं. म्हणून मुदत संपलेले कोड आधी 'रद्द' केले, एका दमात नाही, पाच-पाच हजारांच्या गठ्ठ्यांत. उरलेली रांग पाऊण तासात ओसरली.

व्हॅक्यूमनं जागा मोकळी केली, पण फाइल लहान झाली नाही. मोकळी जागा तो त्याच टेबलसाठी राखून ठेवतो. फाइलच्या शेवटची पूर्ण रिकामी पेजेस तेवढी परत देऊ शकतो. तीन हजार रोंचं टेबल साडेसातशे एमबीचं राहिलं, आणि डॅशबोर्डची एक क्वेरी दर दहा सेकंदांनी ते अख्खं वाचत होती. रात्री व्हॅक्यूम फुल केला. त्याला टेबलवर पूर्ण मक्तेदारी लागते म्हणून लोक त्याला घाबरतात, आणि मोठ्या टेबलवर घाबरावंच. पण जिवंत रो तीन हजार असताना प्रत्यक्ष काम क्षणात होतं. धोका असतो लॉक मिळेपर्यंतच्या वेळेचा: हा लॉक वाट बघत उभा राहिला की त्याच्यामागून आलेले सगळे त्याच्या मागं उभे राहतात. म्हणून आधी लॉक_टाइमआउट दोन सेकंदांचा लावला. पहिल्या प्रयत्नाला लॉक मिळाला नाही, दुसऱ्याला मिळाला.

आमची निगराणी गप्प का राहिली

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही. इशारे लावलेले होते. तीस सेकंदांच्या वर चालणारी क्वेरी दिसली की इशारा. मिनिटाच्या वर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं की इशारा. शिवाय ९.६ पासून मिळणारा आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट एका मिनिटावर ठेवलेला, जो मुळात बंद असतो आणि आम्ही मुद्दाम चालू केला होता. स्टेटमेंट_टाइमआउटही होता.

यातलं काहीही वाजलं नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट मोजते ती क्वेरीची लांबी किंवा दोन क्वेरींमधली शांतता. निर्यातीचा प्रत्येक फेच पाच-सात मिलिसेकंदांचा. प्रत्येक शांतता पाच सेकंदांची. घड्याळ दर पाच सेकंदांनी पुन्हा शून्यावर. मंद क्वेरींच्या लॉगमध्ये निर्यातीचं नाव कुठंच नाही. उलट तिथं ओळीनं उभी होती ती रांगेची क्वेरी, जिचा काही दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं आम्ही तासभर तिच्याच मागं होतो.

ट्रान्झॅक्शनचं वय कुणीच मोजत नव्हतं. आता मोजतो. दर पंधरा सेकंदांनी तीन आकडे नोंदले जातात: सगळ्यात जुन्या एक्सॅक्ट_स्टार्टचं वय, सगळ्यात जुन्या बॅकएंड_एक्समिनचं वय, आणि रांगेसारख्या सतत घुसळल्या जाणाऱ्या टेबलांतले डेड रो. त्याबरोबर व्हॅक्यूमला अडवू शकणाऱ्या बाकीच्या जागाही बघतो, कारण तिथं नुसती पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पुरत नाही: कुणी वाचत नसलेला रेप्लिकेशन स्लॉट, 'प्रिपेअर' करून विसरलेलं ट्रान्झॅक्शन, आणि हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू असलेला रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची चालती नक्कल. प्रत्येक प्रोसेसनं ॲप्लिकेशन_नेम भरायचंच असा नियमही केला. त्या दिवशी पिडवरून कुणाचं सेशन ते शोधायला आयपी पत्त्यांची यादी धुंडाळावी लागली आणि त्यात दहा मिनिटं गेली. शिवाय लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन शून्यावर आणलं. आवृत्ती १५ मध्ये तो मुळात दहा मिनिटांवर असतो, त्यामुळं आमच्या रिकाम्या हातानं परतणाऱ्या छोट्या फेऱ्या लॉगमध्ये कधी उमटल्याच नव्हत्या.

दुरुस्ती

निर्यात रेप्लिकावर न्या, ही सूचना लगेच आली. मी विरोध केला. रेप्लिकावर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू असेल तर तिथला जुना स्नॅपशॉट मुख्य सर्व्हरवरच्या व्हॅक्यूमला तसाच अडवतो. बंद असेल तर मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमनं काढलेले रो रेप्लिकावरूनही काढायची वेळ येते, आणि आड येणारी क्वेरी मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले संपला की तोडली जाते. तो मुळात तीस सेकंदांचा असतो. तो वाढवला तर रेप्लिका मागं पडतो. दुखणं एका जागेवरून उचलून दुसरीकडं ठेवण्यासारखं होतं ते.

प्राथमिक की धरून ५०० चे तुकडे, प्रत्येक तुकडा वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, हा दुसरा पर्याय. पण ताळमेळाला सगळे रो एकाच क्षणाचे हवे होते, आणि ती गरज खरी होती. शेवटी केलं ते असं: एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये 'कॉपी' वापरून सगळा डेटा फाइलमध्ये काढायचा, ट्रान्झॅक्शन बंद करायचं, आणि मग फाइलमधून हवं तितकं हळू पाठवायचं. तीस लाख रो दोन मिनिटांच्या आत फाइलमध्ये येतात. बाहेरची सेवा सहा तास घेवो की बारा, डेटाबेसला त्याचं देणंघेणं उरलं नाही. एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: पाठवणं अर्ध्यावर तुटलं तर आता तिथूनच पुढं सुरू करता येतं.

रांगेच्या टेबलवर ऑटोव्हॅक्यूमची सेटिंग बदलायचा आग्रह बऱ्याच जणांचा होता. हिशेब केला. मूळ नियम ५० अधिक रोंच्या २० टक्के. तीन हजार रोंना ६५० डेड रो झाले की व्हॅक्यूम लागू होतो, आणि ते आमच्याकडं चार सेकंदांत होतात. म्हणजे तो आधीच दर मिनिटाच्या फेरीला येतोय, याहून आक्रमक करून काही हाती लागणार नव्हतं. तिथं हात लावला नाही. इतिहासाच्या टेबलची गोष्ट वेगळी. तिथं दोन कोटी रो, आणि २० टक्के म्हणजे ४० लाख डेड रो साठेपर्यंत व्हॅक्यूम येणार नाही. त्या टेबलपुरतं हे प्रमाण २ टक्क्यांवर आणलं.

रांगेत खरं काम केलं ते अपडेटवर. पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये एकूण अपडेटच्या शेजारी हॉट अपडेटचा आकडा असतो. हॉट म्हणजे असं अपडेट ज्यात इंडेक्स लागलेला कोणताही रकाना बदलत नाही आणि नवी आवृत्ती त्याच पेजवर मावते. मग इंडेक्समध्ये नवी नोंद पडत नाही, आणि त्या पेजवरून जाणारी कोणतीही क्वेरी व्हॅक्यूमची वाट न बघता जुनी आवृत्ती साफ करू शकते. ही सोय २००८ च्या ८.३ पासून आहे. आमचा हॉटचा आकडा जवळजवळ शून्य होता. स्थितीच्या रकान्यावर इंडेक्स आहे आणि तो लागणारच. त्या अपडेटांचं काही करता येत नाही. पार्शल इंडेक्सच्या अटीतला रकानाही इंडेक्स लागलेलाच धरला जातो, त्यामुळे मी त्या सकाळी करायला निघालेल्या इंडेक्सनंही हे सुटलं नसतं. पण 'जिवंत आहे'च्या वेळेवर कुणीतरी कधीतरी इंडेक्स लावून ठेवला होता, अडकलेले वर्कर शोधायला. तीन हजार रोंमध्ये ते शोधायला इंडेक्स लागत नाही. तो काढला, टेबलचा फिलफॅक्टर १०० वरून ७० केला म्हणजे प्रत्येक पेजवर नव्या आवृत्तीला जागा राहते. चार अपडेटांपैकी दोन हॉट झाली. जुना स्नॅपशॉट अडून बसला तर ही सफाईही थांबते, हे मात्र गटातल्या सगळ्यांना मुद्दाम सांगितलं, नाहीतर हॉट केलं म्हणजे आता भीती नाही असा समज होतो.

दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत जुन्या आवृत्त्या अनडू लॉगमध्ये राहतात. तिथं असंच ट्रान्झॅक्शन लांबलं की 'हिस्टरी लिस्ट लेंग्थ' चढत जाते, आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ इनोडीबी_टीआरएक्समध्ये मिळते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्नॅपशॉट पातळ्या वापरत असाल तर सहसा टेम्पडीबीमधला व्हर्जन स्टोअर फुगतो. ओरॅकल अनडूची जागा ठरावीक ठेवतो, त्यामुळं तिथं बहुधा लांबलेल्या वाचणाऱ्यालाच 'स्नॅपशॉट टू ओल्ड' म्हणून बाहेर काढलं जातं. किंमत कोण मोजतं ते प्रत्येकाकडं वेगळं. जुना स्नॅपशॉट मोजायला हवा हे सगळीकडं सारखं.

पोस्टग्रेस १७ मध्ये ट्रान्झॅक्शन_टाइमआउट आला आहे. तो क्वेरी किंवा शांतता न बघता पूर्ण ट्रान्झॅक्शनची लांबी मोजतो, आणि त्या सकाळी आम्हाला नेमका हाच हवा होता. चाचणीच्या सर्व्हरवर १७ लावून तो युझरनिहाय दिला आहे: ॲप्लिकेशनला तीस सेकंद, अहवालांना पंधरा मिनिटं. अडलंय ते बॅकअपपाशी. रात्री दोन वाजता पीजी_डंप चालतो, तोही एकच स्नॅपशॉट धरून, आणि नव्या आलेखात रोज रात्री ५२ मिनिटांचा एक दात उभा दिसतो. पीजी_डंप ही मुदत स्वतःच्या सेशनपुरती बंद करून घेतो, त्यामुळं ती त्याला लागूच होत नाही, आणि पुढंमागं तो दात वाढत जाईल. रोजचा बॅकअप पीजी_बेसबॅकअपवर (असा स्नॅपशॉट न धरता डेटाबेसच्या फाइलींचीच नक्कल करणारा) नेऊन पीजी_डंप आठवड्यातून एकदा ठेवता येईल का, याची चाचणी सध्या चालू आहे. परत आणण्याची पहिली तालीम नीट पार पडली, दुसरी येत्या शनिवारी.